वारीच्या महिन्यातली ऑफ-ड्युटी

सरकारी दवाखान्यात सिस्टरांच्या ड्युट्या ज्या वहीत लावतात तिला 'ऑफ-ड्युटी' म्हणतात. नाव सुट्टीचं, आत सगळं काम. माझी मावशी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर होती. महिन्याच्या पंचवीस तारखेच्या सुमारास, रात्रीची जेवणं उरकली की ती लांबडं रजिस्टर, फूटपट्टी, शिसपेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायची. डावीकडे नावं, वर तारखा, चौकटीत एम, ई, एन. म्हणजे मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट. रजिस्टरमध्ये चिठ्ठ्या खोचलेल्या. एकीच्या मुलीची दहावी, दुसरीच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, आणि महिना जानेवारीचा असला की निम्म्याजणींना संक्रांतीलाच सुट्टी हवी, कारण सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. एक नाव हललं की चार चौकटी हलायच्या. खोडून खोडून कागद झिरझिरीत व्हायचा. पेन लागायचं ते मेट्रनबाईंची सही झाल्यावरच.

त्या वहीत न लिहिलेलंही बरंच होतं. अमकीचा नवरा डायलिसिसवर, तिला सोमवार-गुरुवारची सकाळ लावायची नाही. नव्याने रुजू झालेली पोरगी लेबर रूमला रात्री एकटी ठेवायची नाही. दोघींचं बोलणं बंद आहे. त्या एकमेकींच्या पाठोपाठ आल्या तर हँडओव्हर धड होत नाही. हे कुठल्या शासन निर्णयात नाही, मावशीच्या डोक्यात होतं.

ही वही आठवली ती इन्फोसिसच्या बातमीमुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला ब्रिटनच्या आरोग्यसेवेचं पंधरा वर्षांचं, १२० कोटी पौंडांचं कंत्राट मिळालं. आपल्याकडे चर्चा झाली ती आकड्याची आणि शेअरची. काम काय, तर इंग्लंड आणि वेल्समधल्या १९ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांची भरती, नोंदी आणि पगार सांभाळणारी नवी यंत्रणा उभारायची. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली कंपनी लीड्सच्या नर्सचा पगार काढणार. पुण्याहून चार तासांवरच्या सोलापुरात मात्र सरकारी आरोग्यसेवेत माणसं कुठे आहेत, किती आहेत आणि उद्या रात्री कोण आहे, हे एका पडद्यावर पाहायची सोय नाही.

सोय नाही म्हणजे यंत्रं नाहीत असं समजू नका. यंत्रं भरपूर आहेत. आधी मस्टर होतं, मग थंब आला, आता चेहरा आलाय. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने १ मे २०२५ पासून वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांना आधारशी जोडलेली चेहऱ्याची हजेरी सक्तीची केली. मोबाइल समोर धरायचा, डोळे मिचकवायचे, आणि माणूस आवारात आहे की नाही ते जीपीएस सांगतं. आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापकही याच रांगेतले. कागदावर प्राध्यापक आणि प्रत्यक्षात खासगी दवाखान्यात, हा रोग जुना असल्यामुळे औषध कडू असणार हे मान्य. पण हजेरी आणि ड्युटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजेरीचं यंत्र सांगतं की माणूस काल आला होता. वॉर्डाला कळायला हवं असतं की उद्या रात्री आठला कोण येणार, ती आली नाही तर बदली कोण, आणि आयसीयूचा अनुभव असलेली त्यांत किती. सरकारने आजवर पहिली गोष्ट पुन्हा पुन्हा विकत घेतली. दुसरी अजून शिसपेन्सिलीवर आहे.

कचेरीसाठी घडवलेलं यंत्र दवाखान्यात बसवलं की रात्रपाळीशीच त्याचं पहिलं भांडण होतं. सिस्टर सोमवारी रात्री आठला आत येते, मंगळवारी सकाळी आठला बाहेर पडते. दिवसाला एक 'इन' आणि एक 'आउट' एवढंच ठाऊक असलेल्या यंत्राच्या लेखी ती सोमवारी गेलीच नाही आणि मंगळवारी आलीच नाही. मग रजेचा अर्ज, खुलासा, क्लार्ककडे हेलपाटे.

सोलापूरला हे सगळं नवं वाटायला नको. १८७७ मध्ये इथे सूतगिरणी उभी राहिली तेव्हापासून हे गाव भोंग्यावर चाललेलं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर कोण, यासाठी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे असत. ती पद्धत कामगाराच्या दृष्टीने क्रूर होती, पण पाळीत माणूस कमी पडणार हे तिने गृहीत तरी धरलं होतं. सरकारी दवाखान्यात बदलीचा राखीव गट कागदावर असतो आणि तोच रिकाम्या पदांच्या खड्ड्यात आधी जातो. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने राज्यात परिचारिकांची ३५ टक्के पदं रिकामी असल्याचं नोंदवलंय. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. कुठल्याही सरकारी वॉर्डात रात्री एक चक्कर मारा आणि स्वतः मोजा. जी माणसं नाहीतच त्यांचं वेळापत्रक कुठलंही सॉफ्टवेअर लावू शकत नाही. फार तर किती नाहीत ते रोज, तारीख-वेळ घालून, वरपर्यंत कळवू शकेल. माझ्या मते ते विकत घ्यायचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि कदाचित ते न घेण्याचंही.

घ्यायचं ठरलं तरी पहिला प्रश्न, घेणार कोण? सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैद्यकीय शिक्षण विभागाचं. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची. अकरा तालुक्यांतली सत्तरहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. शहरातले दवाखाने आणि प्रसूतिगृहं महापालिकेची. या सगळ्यांत राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी माणसं पेरलेली. त्यांची रजा वेगळी, पगाराची वाट वेगळी. १९ ऑगस्ट २०२५ पासून ही मंडळी राज्यभर संपावर गेली तेव्हा उपकेंद्रांची दारं बंद झाली आणि कंत्राटी खांद्यावर किती भार आहे ते दिसलं. आशांना तर कामागणिक मोबदला. त्या हजेरीच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. सरकारी नोकराचा पगार 'सेवार्थ'मधून निघतो, पण सेवार्थला ठाऊक असते मूळ आस्थापना. पगार करमाळ्यात आणि काम पंढरपुरात, अशी प्रतिनियुक्तीवरची माणसं तिथे दिसत नाहीत.

आणि प्रतिनियुक्ती म्हटलं की सोलापुरात वारी आली. माझा हट्टच म्हणा, पण या जिल्ह्यासाठी असलं सॉफ्टवेअर घ्यायचं तर त्याची परीक्षा आषाढीत घ्यावी. माउलींची पालखी धर्मपुरीला आणि तुकोबांची अकलूजला जिल्ह्यात शिरते, तेव्हापासून एकादशीपर्यंत आरोग्य खात्याची सगळी गणितं उलटी होतात. पालखी मार्गावर ठरावीक अंतराने तात्पुरते दवाखाने, रिंगणाच्या ठिकाणी पथकं, वाखरीत पथकं, चंद्रभागेच्या वाळवंटात पथकं. २०२३ पासून तर 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या नावाने मोठी मोहीमच असते आणि बाहेरच्या जिल्ह्यांतूनही डॉक्टर, परिचारिका बोलावतात. म्हणजे ज्यांची नावं जिल्ह्याच्या कुठल्याच यादीत नाहीत अशी माणसं आठवडाभर इथे राबणार, आणि इथल्या सांगोल्या-मंगळवेढ्याच्या केंद्रांतली माणसं गेल्यामुळे तिथे मागे राहिलेली सिस्टर सलग नाईट करणार. तिची भरपाईची सुट्टी कुठे लिहिली जाते? बहुधा कुठेच नाही. पावसाने मुक्काम लांबला, वाळवंटातलं पथक वर हलवावं लागलं, नेटवर्क लाखोंच्या गर्दीत बसलं, तर चेहऱ्याच्या हजेरीचं काय करायचं? पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत दाखवलेल्या डेमोत हे प्रश्न येत नाहीत.

अशा खरेदीचा सर्वांत महागडा धडा ऑस्ट्रेलियाने घेतलाय. क्वीन्सलँड प्रांताच्या आरोग्य खात्याने मार्च २०१० मध्ये ड्युटी लावण्याची आणि पगाराची नवी यंत्रणा सुरू केली. सुमारे ७८ हजार कर्मचारी. वेतनकरार तेरा, भत्ते दोनशेच्या वर, आणि पगाराच्या शक्य जोडण्या २४ हजार. पहिल्याच पगाराला गोंधळ. कुणाला जास्त, कुणाला कमी, कुणाला काहीच नाही. सुरुवातीचं कंत्राट ६० लाख डॉलरच्या आसपास होतं. सगळं निस्तरण्याचा खर्च १२० कोटी डॉलरवर गेला. २०१३ च्या चौकशी आयोगाने कंत्राटदार आयबीएम कंपनीला झोडपलं, सरकारलाही सोडलं नाही. आपल्याला नेमकं काय हवंय हे खात्याने कधी पक्कं सांगितलंच नव्हतं आणि जुनी यंत्रणा बंद पडेल या धास्तीने घाई केली होती. पुढे सरकार आयबीएमविरुद्ध कोर्टात गेलं तर तिथेही हरलं, कारण मधल्या काळात कंपनीला जबाबदारीतून मोकळं करणारा तडजोडीचा करार सरकारनेच करून ठेवला होता.

इतकं लांब जायलाही नको. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतली रुग्णनोंदींची संगणकीय यंत्रणा २०२२ च्या जुलैत बंद झाली आणि जेजेसारखं रुग्णालय रातोरात कागदावर आलं. रिपोर्टसाठी निवासी डॉक्टर मजले चढू-उतरू लागले. कंत्राट संपलं की आतली माहिती कुणाची, ती कुठल्या स्वरूपात परत मिळणार, पुढची यंत्रणा उभी राहीपर्यंत जुनी चालवायची कुणी, ही कलमं निविदेच्या शेवटच्या पानांवर असतात आणि तिथवर वाचायला कुणाला वेळ नसतो. आता तर कर्मचाऱ्यांचे चेहरे आणि आधारही त्यात आहेत.

निविदेची पहिली पानं मात्र सगळे वाचतात. उलाढाल इतक्या कोटींची, अनुभव इतक्या वर्षांचा, मग तांत्रिक लिफाफा, मग आर्थिक, आणि शेवटी सर्वांत कमी दराचा, म्हणजे 'एल-वन'. खुर्च्या घ्यायला ही रीत ठीक आहे. केंद्राच्या अर्थ खात्याने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत दर्जालाही गुण द्यायची वाट काही अटींवर मोकळी केली, तरी ऑडिटच्या भीतीने अधिकाऱ्यांचा हात एल-वनकडेच जातो. त्यांनाही दोष देववत नाही. स्वस्तातलं घेऊन फसलं तर ते कंपनीचं पाप, महागातलं घेऊन फसलं तर त्यांची विभागीय चौकशी.

मला विचाराल तर तांत्रिक लिफाफ्यात एकच कागद घालावा. तीस सिस्टरांचा वॉर्ड. दोघी १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर, एक बालसंगोपन रजेवर, पाच कंत्राटी, आठजणींची नावं वारीला गेलेली, त्यांतल्या दोघी एकादशीनंतर तापाने आडव्या. दोघींचं बोलणं बंद. लावा महिन्याची ऑफ-ड्युटी. आणि कंपनीने लावलेली ती निवृत्त इन्चार्ज सिस्टरांच्या समितीपुढे ठेवावी, आयटीच्या सल्लागारापुढे नको. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, त्यात खोडायची सोय आहे का? मी म्हटलं, असणारच. तर म्हणाली, मग कुणी खोडलं तेही दिसायला हवं. माझ्या वेळी लाडक्यांच्या नाईट सही झाल्यावर खोडल्या जायच्या.

पुढची आषाढी एकादशी २५ जुलै २०२६ ला आहे. जुलैची ऑफ-ड्युटी जूनच्या शेवटच्या आठवड्यात लावायला बसावं लागेल.