उलटी अक्षरे

बँकेत असताना दिवसाकाठी शेकडो शिक्के मारले, पण शिक्क्याचा तळ कधी न्याहाळला नाही. तिथली अक्षरे उलटी असतात एवढे ठाऊक होते. त्या उलटेपणावर एक आख्खी कला उभी आहे, हे मात्र निवृत्तीनंतर शेजारच्या नववीतल्या मुलीमुळे कळले.

मुंबईतल्या एका संग्रहालयात किशोरवयीन मुलांसाठी मुद्राचित्रांची मोफत कार्यशाळा होती. मुलीची आई रविवारीही कामावर जाते. "काका, तुम्ही न्याल का हिला?" म्हणाली. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, त्यात रविवारचा जम्बो ब्लॉक. आम्ही पोचलो तेव्हा मुले कामाला लागली होती.

तळहाताएवढा लिनोलियमचा तुकडा, धारदार कोरणी, शाई, रोलर आणि कागद. यंत्र नाहीच. शाई लावलेल्या तुकड्यावर कागद ठेवून पाठीमागून चमच्याने घोटायचे. कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला उमटतो. चित्रकलेच्या तासाला हवे ते काढायला शिकवतात. इथे नको ते काढून टाकायचे. "इथे खोडरबर चालत नाही," असे सरांनी सांगितले आणि पोरे चिडीचूप झाली. कोरणीच्या वाटेत दुसरा हात आणू नका, हे मात्र दर पाच मिनिटांनी बजावावे लागत होते.

आमच्या बाईंनी वसईची केळ कोरली आणि खाली ऐटीत स्वतःचे नाव. कागद उचलला तर नाव उलटे! ती रडकुंडीला आली. मला मिरजेची गीता आठवली. नाना फडणिसांच्या काळात पुण्यातल्या एका तांबटाने गीता छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी कोरायला घेतली. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ साली ती गीता छापून झाली. सातशे श्लोक, सगळे उलटे! हे ऐकून पोरीने नवा तुकडा मागून घेतला.

बाहेर बसलेल्या पालकांत चर्चा वेगळीच होती. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला याचा उपयोग होतो का? त्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे त्यामागचे कारण. मी त्यांना हसणार नाही. टक्क्याच्या एका अंशाने काय काय अडते, हे बँकेत उभे आयुष्य काढलेल्याने कुणाला सांगावे?

माझी तक्रार दुसरीच आहे. कार्यशाळा मोफत होती, रविवार मोफत नव्हता. गाडीभाडे, खाणे आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा पूर्ण दिवस. ज्या आयांना असा रिकामा काका सापडत नाही, त्यांच्या मुलांचे काय? सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आमचे दगडही मुंबईला आणि मुलेही मुंबईलाच! याच संग्रहालयाने २०१५ पासून बसमधले फिरते संग्रहालय चालवून दाखवले आहे. लिनोच्या कामाला तर बसही नको, दोन पिशव्या आणि एक जाणता शिक्षक पुरे. २००९ साली आमची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वस्ती बारा लाखांवर गेली. एवढ्या गावात रविवारी रिकामे असणारे शाळेचे वर्ग थोडे नाहीत. काचेमागची जुनी चित्रे पाहायला मुंबईस जावेच लागेल, तेही एकदा तरी जावेच. पण हाताला कोरणीची सवय व्हायला दर आठवड्याला साठ किलोमीटर कशाला?

परतीच्या गाडीत दादरला नेहमीची गर्दी चढली. शाई ओलीच होती. दोन्ही कागद पोरीने उंच धरले होते, तरी बोरिवलीपर्यंत एक माझ्या खांद्यावर टेकलाच. घरी येऊन सदरा काढला, तर पाठीवर तिच्या नावाची पहिली दोन अक्षरे उमटलेली. चुकलेल्या छापाची होती, म्हणून सुलट.