सिद्धता वाचणारे

फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३मध्ये केंब्रिजमधल्या व्याख्यानांत मांडली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी झाली. त्यानंतर सुमारे २०० पानांचं हस्तलिखित एका नियतकालिकाकडे गेलं. संपादक बॅरी मेझर यांनी सहा परीक्षक नेमले. तिसरं प्रकरण निक कॅट्झ यांच्या वाट्याला आलं. त्या उन्हाळ्यात कॅट्झ आणि पॅरिसचे लुक इल्युझी ओळ न् ओळ वाचत होते. अडलं की कॅट्झ ई-मेल करायचे, वाइल्स खुलासा करायचे. एका प्रश्नाला मात्र पटेल असं उत्तर मिळेना. तिथे सिद्धतेत खरोखरच खिंडार होतं. ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला. वाटेत रिचर्ड टेलर मदतीला आले, आणि १९९५मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये दोन निबंध छापले गेले. त्यातल्या दुसऱ्यावर टेलर यांचं नाव आधी आहे, वाइल्स यांचं नंतर.

हा क्रम केवळ वर्णमालेचा. शुद्ध गणितात ‘पहिला लेखक’ असा मान सहसा नसतो. हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांनी अनेक दशकं एकत्र काम केलं, पण कोणाचा वाटा किती हे त्यांच्या निबंधांवरून कळत नाही. मला ही प्रथा फार आवडते. कल्पना नेमकी कोणाच्या डोक्यात आधी चमकली याचा हिशेब मांडायचाच नाही, असं एका अख्ख्या विद्याशाखेने ठरवलं आहे.

परीक्षकाचं तर नावही छापलं जात नाही. निबंधाच्या शेवटी ‘अनाम परीक्षकाचे आभार’ एवढी ओळ येते. मानधन बहुधा नसतंच. आणि काम किती! प्रयोगशाळेतला प्रयोग परीक्षक पुन्हा करून पाहू शकत नाही, लेखकाच्या नोंदींवर त्याला भिस्त ठेवावी लागते. गणितात सगळा पुरावा कागदावरच असतो. त्यामुळे परीक्षकाला सबब उरत नाही. प्रत्येक पायरी स्वतः चढून पाहावी लागते. ‘हे उघड आहे’ असं लेखकाने लिहिलं असेल तिथे तर दुप्पट सावध राहावं लागतं. म्हणून निबंध वर्षवर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ अडकून पडतो.

आपल्याकडे या कामाला जुनी परंपरा आहे. १९०७मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. परदेशी नियतकालिकं तिथून टपालाने दूरदूरच्या सभासदांकडे जात. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११मध्ये रामानुजन यांचा पहिला निबंध आला. त्यांचं लेखन इतकं त्रोटक होतं की संपादक एम. टी. नारायणअय्यंगार यांनी ते दुरुस्तीसाठी परत परत पाठवलं. या संपादकाविषयी फारसं कोणी बोलत नाही. पण सामान्य वाचकाला कळेल असं लिहा, हा आग्रह रामानुजन यांच्यापाशी धरणं सोपं नव्हतं.

कधी तपासणीची चक्रं भराभर फिरतात. ऑगस्ट २००२मध्ये कानपूर आयआयटीच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवणारी रीत मोजक्या तज्ज्ञांना ई-मेलने धाडली. काही दिवसांतच ती बरोबर असल्याचं सगळीकडे मान्य झालं. ‘अ‍ॅनल्स’मध्ये छापून यायला मात्र २००४ साल लागलं. यीतांग झांग यांचा मूळ संख्यांमधल्या अंतरांवरचा निबंध एप्रिल २०१३मध्ये पोहोचला आणि मे महिन्यात स्वीकारला गेला. झांग तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, फारसे कोणाला माहीत नसलेले अध्यापक होते. पेरेलमान यांनी तर पॉइन्कारेच्या अटकळीची सिद्धता २००२-०३मध्ये ‘आर्काइव्ह’ या खुल्या संग्रहात ठेवली आणि कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. तरीही ती तपासल्यावाचून कोणी मान्य केली नाही. वेगवेगळ्या गटांनी काही वर्षं घालवून तिचं सविस्तर विवरण लिहिलं.

या व्यवस्थेचा खरा कस लागला तो टॉमस हेल्स यांच्या निबंधावर. संत्री रचावीत तसे गोळे रचले तर ते जास्तीत जास्त जागा, म्हणजे सुमारे ७४ टक्के, व्यापतात. याहून दाट रचना नाही, असं केप्लरने १६११मध्ये म्हटलं होतं. हेल्स यांनी १९९८मध्ये विद्यार्थी सॅम्युअल फर्ग्युसन यांच्या साथीने ते सिद्ध केलं. शेकडो पानं, शिवाय संगणकाच्या आज्ञावल्या आणि प्रचंड आकडेमोड. ‘अ‍ॅनल्स’ने बारा परीक्षक बसवले. त्यांनी काही वर्षं झुंज दिली आणि अखेर कळवलं की ९९ टक्के खात्री आहे, पण सगळी आकडेमोड तपासणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. निबंध २००५मध्ये छापला गेला. उरलेला एक टक्का हेल्स यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी मोठा गट जमवून सिद्धतेची पायरी न् पायरी संगणकाला तपासता येईल अशा काटेकोर भाषेत लिहून काढली. ते काम २०१४मध्ये पुरं झालं.

त्यावरचा निबंध २०१७मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तोही परीक्षकांच्या हातून गेला. संगणक पायऱ्या तपासतो. पण त्याने सिद्ध केलेलं विधान म्हणजे केप्लरचंच विधान आहे ना, व्याख्यांमध्ये काही निसटलं नाही ना, हे माणसालाच वाचून ठरवावं लागतं.