एक काचतंतू, बत्तीस घरे

थोर लयकार खाप्रूमाम पर्वतकर यांच्याविषयी जुनी माणसे जे सांगत आली आहेत, ते कानी न पडलेला संगीतरसिक गोमंतकात विरळाच. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा, आणि मुखाने चौथीच लय. या साऱ्या भिन्न गती आपापल्या वाटेने जात आणि अखेर एकाच क्षणी समेवर येत, असे म्हणतात. ऐकणाऱ्यास वाटे की आता हा डोलारा कोसळणार. तो कोसळत नसे, कारण समेपासून समेपर्यंतच्या अवधीत प्रत्येक गतीचे फेरे पूर्ण संख्येत बसविलेले असत. कोणाचाही फेरा अर्धा राहिला नाही की कोणी कोणाच्या आड येत नाही.

ही आठवण झाली ती मात्र एका रूक्ष विषयाच्या निमित्ताने. घरोघर येऊ लागलेल्या ऑप्टिकल फायबरमधून, म्हणजे केसासारख्या बारीक काचतंतूतून, पुढील काळात संदेश कोणत्या रीतीने पाठवावा याविषयी दूरसंचार अभियंत्यांत गेली पंधरा-वीस वर्षे जो वाद चालू आहे, त्यातील एक पक्ष नेमके हेच सांगतो: एकच धावती लहर वापरण्याऐवजी शेकडो संथ लहरी एकदम वापरा, त्यांचे फेरे एका अवधीत पूर्ण संख्येने बसवा, आणि प्रत्येकीवर थोडा थोडा संदेश चढवा. इंग्रजीत या पद्धतीस मल्टिकॅरियर मॉड्युलेशन म्हणतात. आपण तिला बहुवाहक पद्धत म्हणू. तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे ओएफडीएम.

अभियंत्यांच्या या वादात वृत्तपत्राने का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पैशात आहे. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. तंतू पुरला जातो आपल्या रस्त्यांखाली आणि आपल्या करांतून. त्याच्या दोन टोकांस कोणती पेटी बसावी हे मात्र जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकांत ठरते. ज्याने खर्च करावयाचा त्याला निदान प्रश्न तरी कळला पाहिजे.

आजची व्यवस्था प्रथम पाहू. एक्स्चेंजमधून एक तंतू निघतो. वाटेत स्प्लिटर नावाचा काचेचा लहानसा भाग असतो. त्यास वीज लागत नाही, तो आलेला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट वाटांनी विभागतो, आणि प्रत्येक वाट एका घरी जाते. एक्स्चेंजकडून येणारा संदेश सर्वांच्या दारी जातो, ज्याने त्याने आपला तेवढा उचलावयाचा. उलट दिशेने घरे बोलू लागली की तेथे पाळी आली. कुळागरात पाटाचे पाणी ज्याच्या त्याच्या पाळीने बागेत सोडतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथील पाळी तासांची नसून सेकंदाच्या लक्षांश भागांची असते. २००३ साली मान्य झालेल्या जीपॉन मानकानुसार घराकडे येणारा वेग सुमारे अडीच गिगाबिट आणि घराकडून जाणारा सव्वा गिगाबिट. बत्तीस घरांत तो वाटला जातो. भारतनेटने हीच पद्धत स्वीकारली, आणि तीत चूक काहीच नव्हती. स्वस्त, साधी, टिकाऊ पद्धत आहे. २०१० साली मानक दहा गिगाबिटवर गेले, २०२१ साली पन्नासवर. खरी अडचण येथून सुरू होते.

प्रकाशाच्या निरनिराळ्या छटा काचेतून सारख्या वेगाने जात नाहीत. शाळेत लोलकातून इंद्रधनुष्य पाहताना जे अपस्करण आपण शिकलो, तेच येथेही आहे. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश नेहमीच्या तंतूतून वीस किलोमीटर गेला, की एक नॅनोमीटर अंतरावरच्या दोन छटांत सुमारे ३४० पिकोसेकंदांचा फरक पडतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही हजारावा भाग. परंतु येथे हिशेब त्याच नाण्यात करावा लागतो. दहा गिगाबिट वेगाने जाणारा एक ठोका १०० पिकोसेकंदांचा असतो व छटांचा पसारा थोडा असल्याने तो तीस-पस्तीस पिकोसेकंद पसरतो. हे चालून जाते. वेग पन्नासवर नेला की ठोका २० पिकोसेकंदांचा उरतो, आणि वेगामुळे छटांचा पसाराही वाढून फैलाव सव्वाशेच्या वर जातो. म्हणजे एकेक ठोका शेजारच्या पाच-सहा ठोक्यांच्या अंगावर जाऊन पडतो. त्यावर मानककर्त्यांनी उपाय काढला तो तरंगलांबी बदलण्याचा: पन्नास गिगाबिटसाठी १३४२ नॅनोमीटर निवडले, कारण त्या भागात अपस्करण फार कमी. उपाय शहाणपणाचा, परंतु तो भाग अरुंद आहे आणि जुन्या पद्धतींनी आधीच दाटीवाटीने व्यापलेला आहे.

बहुवाहक पद्धत याच अडचणीकडे दुसऱ्या बाजूने पाहते. पन्नास गिगाबिटचा भार २५६ लहरींवर वाटला आणि प्रत्येक लहरीच्या प्रत्येक ठोक्यावर चार बिट चढविले, तर एक ठोका सुमारे वीस हजार पिकोसेकंद टिकतो. त्यापुढे शे-दीडशे पिकोसेकंदांचा फैलाव म्हणजे भरतीच्या पाण्यात ओंजळभर पाणी. दोन ठोक्यांच्या मध्ये लहानशी मोकळी पट्टी सोडली की काम भागते. दुसरा लाभ तर याहून मोठा आहे. साध्या प्रकाशग्राहीने संदेश घेताना वीस किलोमीटरनंतर काही वारंवारता जवळजवळ मरून जातात. १५५० नॅनोमीटरच्या बाबतीत पहिली अशी जागा तेरा-चौदा गिगाहर्ट्झच्या आसपास येते. एकच मोठी लहर असेल तर तिला हा खड्डा चुकविता येत नाही. अनेक लहरी असतील तर खड्ड्यावरच्या लहरींवर मालच चढवावयाचा नाही, आणि ज्या सशक्त आहेत त्यांच्यावर अधिक चढवावयाचा. बंदरावर होडी पाहून पोती भरतात, तसेच.

आणि घरांची वाटणी? येथेही चित्र पालटते. पाळीची आवश्यकता कमी होते. कोणास वीस लहरी, कोणास दोन, आणि सर्वांचे एकाच वेळी चालू. आजच्या पद्धतीत एका तंतूवरील सर्व घरांसाठी एकच वेग असतो आणि तो सर्वांत दूरच्या, सर्वांत क्षीण प्रकाश मिळणाऱ्या घराला झेपेल असाच ठेवावा लागतो. एक्स्चेंजशेजारचे घर त्यापायी आपली क्षमता वाया घालविते. बहुवाहक पद्धतीत ज्याच्या वाटेची जेवढी ताकद तेवढा त्याचा वाटा काढता येतो, आणि जवळच्यांचे काम लवकर उरकल्याने दूरच्यासाठीही अधिक जागा उरते.

ही कल्पना काल-परवाची नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे रॉबर्ट चँग यांनी ती १९६६ साली मांडली. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काचेच्या तंतूतून दूरवर संदेश नेता येईल हे सिद्धांताने दाखविले तेही १९६६ सालीच; एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कल्पना एकमेकींस भेटावयास चाळीस वर्षे लागली. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखविले की शेकडो लहरींसाठी शेकडो यंत्रे नकोत, एका गणिती क्रियेने सर्व लहरी एकदम घडविता येतात. पुढे संगणकी चिप स्वस्त झाल्या आणि ही पद्धत प्रथम तांब्याच्या तारेवर आली. २००५ पासून बीएसएनएलने टेलिफोनच्या जुन्या तारेवर जे ब्रॉडबँड दिले ते याच पद्धतीवर चाले. मोडेम सुरू होताना लागणाऱ्या त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात तो प्रत्येक लहर तपासून कोणती किती भार घेईल हे पाहत असे. आपल्या खिशातील ४जी फोनही ओएफडीएमवरच चालतो. फायबरवर तिची मुहूर्तमेढ रोवली गेली ती २००६ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियातील मोनॅश व मेलबर्न आणि वेल्समधील बँगोर येथील विद्यापीठांच्या संशोधनाने.

मग घोडे अडले कुठे? २०१२ साली जगातील मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या गटाने पुढच्या पिढीची पद्धत निवडली तेव्हा ओएफडीएम उमेदवारांत होती आणि ती बाजूला ठेवली गेली. चार निरनिराळ्या तरंगलांबींवर पाळीचीच जुनी पद्धत चालविण्याचे ठरले. विद्यापीठांतील अनेकांस तो निर्णय कोत्या दृष्टीचा वाटला. आमच्या मते त्या दिवशी तो बरोबर होता, आणि त्याची कारणे नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण समेतच दडलेले आहे. मैफलीत सर्व लयी समेवर एकत्र आल्या की श्रोते दाद देतात. विद्युत्-मंडलात २५६ लहरींची शिखरे एकत्र आली की सरासरीच्या कितीतरी पट उंच लाट उसळते आणि लेसर ती झेलू शकत नाही. दुसरे असे की प्रकाशाची तीव्रता शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. लहर वरखाली व्हावी म्हणून प्रकाश मुळातच अर्धा पेटवून ठेवावा लागतो, आणि त्यातील बरीच शक्ती संदेशाच्या कामी न येता फुकट जाते. ज्या व्यवस्थेत घराच्या पेटीस पाठविलेल्या प्रकाशाचा सहाशेवा भागही पुरून उरला पाहिजे, तेथे ही उधळपट्टी परवडत नाही. तिसरे कारण, प्रत्येक घरात अतिवेगवान परिवर्तक आणि गणिती चिप हवी, आणि तिला वीजही हवी.

परंतु आम्हास सर्वांत बोलके वाटते ते चौथे कारण. सर्व घरे एकाच वेळी बोलू लागली म्हणजे बत्तीस लेसरांचा प्रकाश एक्स्चेंजमधील एकाच प्रकाशग्राहीवर पडणार. त्यांच्या तरंगलांबी अगदी जवळ आल्या की एकमेकींशी घासून त्यांची गुणगुण निर्माण होते आणि ती खऱ्या संदेशाच्या जागेत शिरते. ते टाळावयाचे तर प्रत्येक लेसर आपल्या जागी स्थिर हवा. नेहमीचा लेसर तापमान एक अंशाने वाढले की नॅनोमीटरचा सुमारे दहावा भाग सरकतो, म्हणजे वारंवारतेच्या भाषेत बारा-तेरा गिगाहर्ट्झ. पेडण्यातील एखाद्या घरात मे महिन्याच्या दुपारी कौलांखाली भिंतीवर टांगलेली पेटी आणि रात्रीची तीच पेटी यांत दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. प्रयोगशाळेत लेसरला थंड ठेवणारे उपकरण असते. घराच्या पेटीत ते बसविले की किंमत आवाक्याबाहेर जाते.

म्हणून हा निकाल गणिताने लागलेला नाही, घरच्या पेटीच्या किमतीने आणि उन्हाने लागला आहे. आणि किंमत ही बदलणारी वस्तू आहे. पन्नास गिगाबिटच्या मानकात गणिती चिप गृहीतच धरलेली आहे, म्हणजे जे अडसर म्हणून पुढे केले जात होते ते निम्मे दारातून आत आलेच. २०२२ साली नोकियाने जर्मनीत व्होडाफोनबरोबर जे शंभर गिगाबिटचे प्रात्यक्षिक केले त्यात जवळच्या घरास अधिक आणि दूरच्या घरास झेपेल तेवढा वेग देण्याची योजना होती. लहर एकच, परंतु वाटणीचा विचार बहुवाहक पक्षाकडून उचललेला. अमेरिकेच्या इन्फिनेरा कंपनीने, जी २०२५ मध्ये नोकियात विलीन झाली, ४०० गिगाबिटचा प्रकाश २५ गिगाबिटच्या सोळा उपलहरींत विभागून त्या वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचविण्याची यंत्रणा तयार केली. ती आज मोठ्या केंद्रांपुरती आहे, घरापर्यंत आलेली नाही. पन्नासच्या पुढे काय, याचा विचार जिनिव्हात सुरू झाला आहे आणि त्यात या साऱ्या पर्यायांवर पुन्हा खल होणार.

आपल्याकडे या प्रश्नाचे दोन भाग पडतात. पुरलेला तंतू नीट असेल तर पंचवीस-तीस वर्षे चालतो. पेट्या दर आठ-दहा वर्षांनी बदलतात, आणि नव्या तरंगलांबीची पेटी जुन्याच तंतूवर जुन्या पेटीबरोबर नांदू शकते. तेव्हा आज काळजी घ्यावयाची ती तंतूची: जोड स्वच्छ असणे, मधल्या खांबांवर पाणी न शिरणे, थोडे तंतू राखीव असणे. आमच्या कार्यालयाचा तंतू मागील पावसाळ्यापूर्वी रस्ता खोदताना दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा चिखलातच जोडला गेला. अशा जोडातून आजचा अडीच गिगाबिट निघून जाईल. शेकडो लहरींवर बारीक वजन तोलून चढविणाऱ्या पद्धतीला त्यातला प्रत्येक डाग मोजावा लागेल.

दुसरा भाग पेटीचा. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे लहान टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. खेड्यात ती मिळणार नाही हे धरूनच या यंत्राची आखणी झाली, आणि धूळ, उकाडा, विजेचे लपंडाव सोसत ते चालले. पहिले एक्स्चेंज १९८६ साली बसले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. पुढे जीपॉनची पेटीही सी-डॉटने घडविली. तापलेल्या कौलाखाली न सरकणारा स्वस्त लेसर, किंवा सरकला तरी त्याची गुणगुण गणिताने निस्तरणारी चिप, हे काम थंड देशातील प्रयोगशाळेस तातडीचे वाटण्याचे कारण नाही. सव्वा लाख कोटींहून अधिक खर्चाच्या योजनेत त्या एका कामासाठी किती रक्कम बाजूला काढली आहे, एवढे केंद्राच्या दूरसंचार खात्याने सांगावे.