कात्री आणि गोळी

अ‍ॅम्लोडिपिनच्या स्ट्रिपवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुतेकदा एकाच कडेला छापलेली असते. ती कड कापली गेली की उरलेल्या गोळ्यांची मुदत कोणालाच सांगता येत नाही. आणखी दोन काप बसले की नावही तुटतं. एका तुकड्यावर ‘अ‍ॅम्लो’, दुसऱ्यावर ‘डिपिन’, आणि गोळी ५ ची की १० ची हे तिसऱ्याच तुकड्यावर.

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या फार्मसीत मी हे कापणं जवळून पाहिलं. इथे वॉर्डात अख्ख्या स्ट्रिपा जात नाहीत. प्रत्येक रुग्णाची पुढच्या चोवीस तासांची औषधं, एकेका वेळेचा एकेक डोस सुटा करून, पाकिटात बंद होऊन वर जातात. काउंटरवर चिठ्ठी घेऊन धावणारा नातेवाईक, खाटेजवळच्या खणात साठलेल्या अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिपा, रात्रपाळीच्या सिस्टरने त्यातून शोधून काढलेली गोळी, ही आपल्या ओळखीची रीत. अमेरिकेत १९६० च्या दशकात आर्कान्सा आणि आयोवा विद्यापीठांच्या रुग्णालयांत एकेका डोसची पद्धत तपासून पाहिली गेली आणि औषधांच्या चुका कमी झालेल्या दिसल्या. आपल्याकडे ती अजून मोजक्याच ठिकाणी नीट चालते.

काम सुरू होतं ते कात्रीच्या आधी. फार्मासिस्ट मॅडम ड्रग चार्ट उघडून मूत्रपिंडं कशी चालताहेत हे सांगणारं क्रिएटिनिन बघतात, अ‍ॅलर्जी बघतात, मगच हात रॅककडे जातो. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्झिझिन मुद्दाम लांबच्या कप्प्यांत ठेवलेत. पहिलं रक्तदाबाचं, दुसरं खाजेचं, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच. मग फॉइलसकट गोळीचा तुकडा कापायचा, छोट्या पाकिटात टाकायचा, पाकीट सील करायचं आणि लेबल लावायचं: औषधाचं नाव, ताकद, बॅच, मुदत, रुग्णाचं नाव, खाट, वेळ. फॉइल फाटली तर तो तुकडा बाद. डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूलबाबत तर त्या फारच कडक. रक्त पातळ ठेवणारं हे औषध दमट हवेत खराब होतं, म्हणून घेण्याच्या क्षणापर्यंत ते मूळ फॉइलमध्येच राहायला हवं. बाळांची पातळ औषधं तोंडावाटे द्यायच्या खास सिरिंजमध्ये भरतात. तिच्या टोकाला सुई बसतच नाही, त्यामुळे ते औषध चुकूनही शिरेत जाऊ शकत नाही. शेवटी दुसरा फार्मासिस्ट प्रत्येक पाकीट चार्टशी ताडून पाहतो. एकाच माणसाने भरायचं आणि त्यानेच तपासायचं, हे इथे चालत नाही.

हे सगळं वेळखाऊ आहे आणि माणसं लागतात. सरकारी रुग्णालयातल्या औषधखिडकीपुढची रांग ज्याने पाहिली आहे, तो तिथल्या फार्मासिस्टला हे का करत नाही म्हणून विचारणार नाही. पण यातलं निम्मं काम मुळात फार्मसीचं नाहीच. कंपन्यांनी प्रत्येक गोळीच्या खणामागे नाव, ताकद, बॅच आणि मुदत छापली, तर कात्रीने काही हरवणार नाही आणि नवं लेबल कशाला लागेल? १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. चांगलंच झालं. पण तो वेष्टनावरचा कोड. सुट्या झालेल्या गोळीला त्याचा उपयोग नाही, आणि रुग्ण तर सुटीच गोळी गिळतो. शेजारच्या मेडिकलमधून दोन-चार गोळ्या कापून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांचाही हा प्रश्न आहे.

मला सगळ्यांत मोलाची वाटली ती परतीची टोपली. न दिलेलं प्रत्येक पाकीट खाली येतं आणि मॅडम त्याचं कारण विचारल्याशिवाय ते जमा करत नाहीत.

“सिस्टर, बावीस नंबरचं सकाळचं मेटोप्रोलॉल परत आलंय. दिलं नाही का?”

“मॅडम, पेशंट एनबीएम आहे, तोंडावाटे काही द्यायचं नाही. दुपारी ऑपरेशन आहे ना.”

“बरोबर, पण ही एकदम बंद केली तर नाडी वाढते. घोटभर पाण्याबरोबर चालेल का, ते भूलतज्ज्ञांना विचारून घ्या ना लगेच. मी फोनवर थांबते.”

भूलतज्ज्ञांनी होकार दिला आणि पाकीट पुन्हा वर गेलं. खाटेजवळ अख्खी स्ट्रिप असती तर राहून गेलेली ती गोळी बाकीच्या गोळ्यांत तशीच पडून राहिली असती, आणि ऑपरेशनच्या टेबलावर नाडी का पळतेय हे शोधत बसायची वेळ आली असती.