विद्युत वाहनातील बॅटरी-संचाचे प्रभारण
विद्युत वाहनातील बॅटरी-संचाचे प्रभारण म्हणजे एकसर जोडणीतील बॅटऱ्या एकत्रितपणे किंवा स्वतंत्रपणे चार्ज करण्याची प्रक्रिया होय. भारतातील अनेक ई-रिक्षांमध्ये १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या एकसर जोडून ४८ व्होल्टचा संच तयार केला जातो. एकसर जोडणीमुळे एक बॅटरी निकामी झाली तरी संपूर्ण संचाचे कार्य बिघडते.

एकत्रित प्रभारण
संपूर्ण संचासाठी एकच चार्जर वापरणे सोपे व कमी खर्चाचे असते. मात्र साधा चार्जर केवळ एकूण विभवांतर मोजतो. ५७.६ व्होल्टला प्रत्येक बॅटरीवर १४.४ व्होल्ट अपेक्षित असतात. परंतु बॅटऱ्या असमान असल्यास एक १५.३ आणि उरलेल्या तिन्ही १४.१ व्होल्टवर असू शकतात. अतिप्रभारित बॅटरीतील पाणी वायुरूपाने कमी होते, तर अपुऱ्या प्रभारित बॅटऱ्यांच्या पट्टिकांवर लेड सल्फेट साचते.

स्वतंत्र प्रभारण
प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र चार्जर दिल्यास हा असमतोल टळतो. त्यासाठी सर्व चार्जरांचे निर्गम परस्परांपासून विद्युतदृष्ट्या विलग असणे आवश्यक असते; अन्यथा शॉर्ट सर्किट होऊ शकते.

लिथियम-आयन संच
या संचात बॅटरी व्यवस्थापन प्रणाली प्रत्येक घटाचे विभवांतर स्वतंत्रपणे तपासते. त्यामुळे एकच चार्जर पुरेसा ठरतो.