मसराम गोंडीचा रफार

नागपूर हे शहर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवले. पुढे ते मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, १९१८ मध्ये, त्याच प्रांतातील बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडी भाषेसाठी एक स्वतंत्र लिपी रचली. अक्षरांची ठेवण ब्राह्मी कुळातील लिप्यांप्रमाणे, पण आकार मात्र कोणाकडून उसने घेतलेले नाहीत, असे तिचे स्वरूप असून तिला आज ‘मसराम गोंडी’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा असणारे सुमारे ३० लाख लोक नोंदले गेले, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिच्यातील बराचसा मजकूर अजूनही देवनागरीतच छापला जातो.

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला एक कायमचा आकडा नेमून देणारी जी सर्वमान्य यादी, ती युनिकोड. पूर्वी कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या आकड्यांवरच देवनागरीचे आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट बदलला की शासकीय पत्राचा अर्थहीन रोमन मजकूर होई, आणि हा अनुभव विदर्भातील कचेऱ्यांना नवा नाही. मसराम गोंडीला या यादीत जागा मिळाली ती जून २०१७ मध्ये, युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत. त्यासाठीचा प्रस्ताव लिपितज्ज्ञ अंशुमन पांडे यांनी मांडला होता, आणि लिपीसाठी राखलेल्या ९६ जागांपैकी ७५ भरल्या गेल्या.

या पंचाहत्तरांपैकी ७३०३० या आकड्याचा वर्ण विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण तो रफार आहे. देवनागरीत रफाराला स्वतःचा आकडा नाही. ‘र्क’ लिहिताना र (२३५२), पाय मोडणारी हलन्त खूण (२३८१) आणि क (२३२५) असे तीन आकडे साठवले जातात, आणि त्यांवरून रफार काढण्याचे काम फॉन्टकडे सोपवलेले असते. मराठीला एवढ्याने भागत नाही, कारण ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील र वेगळे असल्याने दुसऱ्यासाठी ‘ऱ’ (२३५३) हा निराळा वर्ण वापरावा लागतो. मसराम गोंडीत ‘र्क’ दोनच आकड्यांत होतो: आधी रफार (७३०३०), मग क (७२९७२). ‘क्र’मधील रकारालाही, म्हणजे व्यंजनानंतर येणाऱ्या ‘र’च्या खुणेलाही, याच लिपीत लगतचा स्वतंत्र आकडा आहे. ही केवळ सोय नव्हे. रफार हे ‘र’चे रूप मानायचे की स्वतंत्र चिन्ह, हा व्याकरणाचा प्रश्न येथे आकडा देताना निकालात काढावा लागला, आणि तो विचारपूर्वक काढणे भाग होते, कारण युनिकोडमध्ये एकदा आलेला वर्ण पुन्हा काढला जात नाही आणि त्याचे अधिकृत नावही बदलत नाही. इथिओपियाच्या गीझ लिपीत तर व्यंजन आणि स्वर मिळून होणाऱ्या प्रत्येक अक्षराला वेगळा आकडा दिलेला आहे. तेथे बाराखडीच यादीत उतरली आहे.

मसराम गोंडीत हलन्ताचे कामही दोन वर्णांत वाटलेले आहे. एक दिसणारा, जो शब्दाच्या शेवटी व्यंजनाचा पाय मोडतो. दुसरा न दिसणारा, जो पुढच्या व्यंजनाशी जोडाक्षर घडवतो. देवनागरीत दोन्ही कामे एकाच खुणेवर चालतात.

आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांत आढळलेली दुसरी गोंडी लिपीही २०१८ मध्ये यादीत आली. त्यामुळे एकच गोंडी शब्द देवनागरी, मसराम व गुंजाळा या तीन लिप्यांत तीन निरनिराळ्या आकड्यांच्या मालिकांनी साठवला जातो, आणि एकीत शोधलेला शब्द दुसरीत सापडत नाही. लिप्यंतराची आज्ञावली लिहिणाऱ्याला म्हणूनच देवनागरीतील ‘र’ आणि हलन्त ही जोडी दिसताच पुढे काय आहे ते आधी पाहावे लागते: व्यंजन असेल तर ७३०३०, आणि शब्द तेथेच संपत असेल तर पूर्ण ‘र’ व त्यापुढे दिसणारा हलन्त.