दातांवर हात हलकाच असावा

जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या पंचवटी घाटावर पहाटे गेले, म्हणजे नर्मदा-परिक्रमेस निघालेली माणसे, ज्यांत आपल्या मराठी मुलखातलीही असतात, कुणी कडुनिंबाचे दातवण चावीत, कुणी बोटावर राखुंडी घेऊन, तर कुणी ब्रशाचे केस वाकडे होईपर्यंत दात रगडीत मुखमार्जन करताना दिसतात. आणि जवळच नर्मदेने युगानुयुगे झिजवून कोरलेले ते शुभ्र संगमरवरी कडे उभे असतात. जोराने घासले म्हणजे अधिक स्वच्छ झाले, ही समजूत सर्वत्र इतकी दृढमूल आहे की तिचा निरास करणे मला अगत्याचे वाटते.

येथील संगमरवर प्रामुख्याने डोलोमाइट या खनिजाचा आहे. मोस याच्या काठिण्यश्रेणीत त्याचा अंक साडेतीन ते चार, तर दाताच्या बाह्य कवचाचा, म्हणजे दंतवल्काचा, सुमारे पाच. म्हणजे आपला दात या खडकाहूनही कठीण ठरतो. परंतु कवचाखालील दंतिन मात्र तिनाच्या आसपास, आणि हिरडीखाली झाकलेल्या मुळावर दंतवल्काचे संरक्षण मुळीच नसते. राखेत किंवा मातीत येणाऱ्या गारेच्या कणाचा अंक सात असल्याने तो दंतवल्क आणि दंतिन या दोहोंनाही ओरखडतो.

वास्तविक जो थर काढावयाचा, तो जंतूंचा मऊ, चिकट लेप असतो. त्याला बळ लागत नाही. एकदा त्याचे कीटण झाले की ते कितीही घासून निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावे लागते. बळाचा परिणाम होतो तो निराळाच : हिरडी मागे सरते, मूळ उघडे पडते, त्यावर पाचरीसारखी खाच पडते आणि गार पाण्याच्या घोटासरशी सणक येते. उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या सुळ्यापाशी व उपदाढांपाशी ही खाच पुष्कळदा आढळते. मागे गेलेली हिरडी आपोआप पुन्हा वर येत नाही.

म्हणून ब्रश मऊ केसांचा घ्यावा, तो मुठीत न आवळता लेखणीप्रमाणे बोटांत धरावा, केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर पंचेचाळीस अंशांत टेकवावेत, आणि जागच्या जागी अगदी लहान, हलके हेलकावे देऊन मग पुढील दातांकडे सरकावे. आतली बाजू आणि शेवटची दाढ यांना वगळू नये. दोन मिनिटे पुरेत, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी. आंबट फळ वा सरबत घेतल्यावर दंतवल्क काही काळ मृदू झालेले असते, तेव्हा अर्धा तास थांबावे. चरकाचार्यांनीही दोन वेळ दंतधावन सांगताना हिरड्यांना इजा होऊ न देण्याची ताकीद दिली आहे. दातवण वापरणाऱ्याने त्याचा कुंचला नीट मऊ चावून मगच ते दातांस लावावे.

मशेरीविषयी मात्र तडजोड नको. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने 1992 साली मनाई केली, तरी घरोघर भाजलेली मशेरी चालूच आहे, आणि ती मुखाच्या कर्करोगाला निमंत्रण देते. डाग घालवण्यासाठीही जोर कामाचा नाही : जबलपूरशेजारच्या मंडला जिल्ह्यातील काही गावांत पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. ते दंतवल्काच्या आत असल्याने घासून जाणारे नव्हेत, तेथे पाणीच बदलले पाहिजे.

हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे बंद करू नये, कारण बहुधा साचलेल्या लेपानेच ती सुजलेली असते. हलक्या हाताने घासूनही आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याची भेट लांबणीवर टाकू नका.